टेनचं त्सेन कसं होतं

टेन, टू, टंग, टूथ. हे इंग्रजी शब्द आपल्याकडे पहिलीतलं पोरही सांगतं. जर्मनमध्ये त्यांच्या जागी येतात त्सेन, त्स्वाय, त्सुंगं आणि त्सान. ‘टंगला त्सुंगं का म्हणायचं?’ असं विद्यार्थ्यानं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘तसंच म्हणतात, पाठ करा.’ मग तो वहीचं पान उभं दुमडतो, डावीकडे जर्मन शब्द लिहितो, उजवीकडे अर्थ, आणि घोकायला बसतो. हे पुस्तक त्या दुमडलेल्या पानाच्या विरोधात लिहिलं आहे. चारही शब्दांत इंग्रजीच्या ट-जागी जर्मनमध्ये त्स आला आहे, आणि हा योगायोग नाही. तो उच्चारबदलाचा नियम आहे. नियम कळल्यावर ‘टिन’चं काय होईल हे शिक्षकाला विचारावं लागत नाही, त्सिन होतं. टोलनाक्यांच्या कृपेनं ‘टोल’ हा शब्द तर महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. जर्मन विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना सीमाशुल्क खात्याची पाटी दिसते, तिच्यावर ‘त्सोल’ असतं.

हे पुस्तक कुणासाठी आहे तेही आधी सांगतो. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन ही नावं तिथल्या दोन-तीन पिढ्यांना घरची वाटतात. मात्र पूर्वी जर्मनकडे वळणारा विद्यार्थी साहित्याच्या, संशोधनाच्या किंवा भाषांतराच्या ओढीनं यायचा. आता नर्सिंग झालेली मुलगी येते, आयटीआयमधून बाहेर पडलेला इलेक्ट्रिशियन येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्याच वर्षी जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेली. या नव्या विद्यार्थ्यांकडे वेळ कमी असतो, पण इंग्रजी असतं. राज्यातल्या मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ते इंग्रजी बोलताना भले अडखळत असेल, पण दोन-तीन हजार शब्द डोक्यात पक्के बसलेले असतात. ते भांडवल वापरायचं कसं, एवढाच या पुस्तकाचा विषय.

इंग्रजी आणि जर्मन एकमेकींसारख्या का दिसतात, याचं उत्तर नकाशात आहे. पाचव्या शतकात आजच्या उत्तर जर्मनीच्या आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेल्या आणि तिथंच राहिल्या. त्यांची बोली पुढं इंग्रजी झाली. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातल्या एका टापूला आजही आंगेल्न म्हणतात, आणि शेजारच्या राज्याच्या नावात सॅक्सन लोक अजून आहेत: नीडरझाक्सन. मंडळी गेल्यानंतर, साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत, जर्मन प्रदेशाच्या दक्षिणेकडे उच्चार हलू लागले. प चा फ किंवा प्फ झाला, ट चा त्स किंवा स, आणि क चा घशातून घासत येणारा ख. हा बदल उत्तरेकडे सरकत गेला आणि वाटेत विरला. ब्रिटनमध्ये गेलेल्यांपर्यंत तो पोचलाच नाही. म्हणून ॲपल आणि आप्फल, शिप आणि शिफ, हेल्प आणि हेल्फन, वॉटर आणि वासर, ईट आणि एसन, सॉल्ट आणि झाल्त्स, हार्ट आणि हेर्त्स, बुक आणि बूख, मेक आणि माखन. (माखन म्हणजे करणे, लोण्याशी त्याचा काही संबंध नाही.)

बदल कुठं विरला ते बोटानं दाखवता येतं. ड्युसलडोर्फ शहरात आज मोडणाऱ्या बेनराट या ऱ्हाइनकाठच्या गावाजवळून एक रेषा पूर्वेकडे जाते. भाषाशास्त्रज्ञ तिला बेनराट रेषा म्हणतात. तिच्या दक्षिणेला ‘माखन’, उत्तरेला जुन्या बोलीत ‘माकन’, म्हणजे जवळपास इंग्रजी ‘मेक’. उत्तरेकडच्या या बोलीला प्लाटडॉइच म्हणतात. तिच्यात पाण्याला वाटर आणि सफरचंदाला आपल म्हणतात. म्हणजे इंग्रजी आणि प्रमाण जर्मन यांच्यामधला पूल जर्मनीतच उभा आहे. आपल्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेखही नसतो, ही मला हळहळ वाटण्यासारखी गोष्ट वाटते. १८७६ मध्ये गेओर्ग वेंकर या तरुण अभ्यासकानं ऱ्हाइनकाठच्या शाळामास्तरांना काही साधी वाक्यं छापून पाठवली आणि ती आपापल्या गावच्या बोलीत लिहून मागवली. हे काम पुढं साऱ्या जर्मन साम्राज्यात पसरलं. हाती आलेल्या नकाशात एक सरळ सीमा नव्हती. ऱ्हाइनच्या आसपास रेषा फाकत गेल्या होत्या. बेनराटच्या दक्षिणेला असलेल्या कोलोनमध्ये लोक ‘माखन’ प्रकारातला शब्द वापरतात, पण ‘डास’ऐवजी ‘डाट’ आणि ‘वास’ऐवजी ‘वाट’ म्हणतात. अर्धा बदल स्वीकारलेला, अर्धा नाकारलेला. नियम म्हटलं की विद्यार्थ्याला गणिताचं सूत्र आठवतं. भाषेतला नियम हा असा गावोगाव चालत गेलेला आणि कुठंतरी दमलेला असतो.

त्यामुळे अपवाद दिसले तर दचकू नये. बऱ्याच अपवादांना कारण असतं. ट च्या आधी स असेल तर ट हलत नाही: स्टोनचं श्टाइन होतं, स्टारचं श्टेर्न. दुसरं कारण तारखेचं. बदल घडत असताना जे परके शब्द आधीच जर्मनमध्ये येऊन बसले होते ते बदलले, आणि नंतर आलेले तसेच राहिले. ‘पेपर’ म्हणजे मिरी हा शब्द मुळात आपला: संस्कृत पिप्पली, मराठी पिंपळी. ग्रीक आणि लॅटिनमार्गे तो लवकर पोचला, म्हणून त्यातले दोन्ही प बदलून प्फेफर झाला. लिहायचा कागद उशिरा आला, म्हणून ‘पापीर’मधले दोन्ही प शाबूत आहेत. पार्क आणि टे, म्हणजे चहा, हेही असेच उशिराचे पाहुणे.

बदलली फक्त जर्मन असंही नाही. इंग्रजीनंही स्वतःचं पुष्कळ गमावलं आणि वळवलं. जिथं जर्मनमध्ये ग आहे तिथं इंग्रजीत अनेकदा य येतो किंवा काहीच उरत नाही: गेल्प आणि यलो, गेस्टर्न आणि यस्टरडे, रेगन आणि रेन. क चा च झाला: किर्शं आणि चर्च, केझं आणि चीज. सगळ्यांत मजा आहे ती मुक्या अक्षरांची. ‘नाइट’च्या स्पेलिंगमधल्या जी-एचनं मराठी शाळांत किती छड्या खायला लावल्या असतील त्याची गणती नाही. ही अक्षरं एके काळी इंग्रजीत उच्चारली जात, आणि जर्मनमध्ये त्यांच्या जागचा ध्वनी अजून जिवंत आहे. नाइट म्हणजे नाख्ट, एट म्हणजे आख्ट, लाइट म्हणजे लिश्ट, डॉटर म्हणजे टोख्टर, लाफ म्हणजे लाखन. ‘नी’मधला मुका के जर्मन ‘क्नी’मध्ये बोलू लागतो. इंग्रजी स्पेलिंगचा आपण जो जाच सोसला, त्याची परतफेड करणारी मला माहीत असलेली भाषा ही एकच.

आता आपल्या बाजूकडे येतो. इंग्रजीच्या आधारानं जर्मन शिकवणारी पुस्तकं इंग्रजांसाठी पुष्कळ आहेत. मराठी वाचकाकडे मात्र तिसरी बाजू आहे, आणि तिच्यासाठीच हे पुस्तक मराठीत लिहावंसं वाटलं. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये, आपल्या जर्मन व्याकरणाच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या आवृत्तीत, या बदलांची साखळी मांडली. डॅनिश विद्वान रास्मुस रास्क यांनी तिचा मोठा भाग १८१८ च्या निबंधात आधीच दाखवला होता. साखळी अशी, की संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथं द आहे तिथं इंग्रजी-जर्मनच्या सामाईक पूर्वज भाषेत ट झाला, आणि त्याच ट चा पुढं जर्मनमध्ये त्स किंवा स. म्हणजे ज्या इंग्रजीच्या मार्गानं आपण जर्मनकडे निघालो आहोत ती मधल्या पायरीवर आहे, आणि आपण त्याच्याही आधीच्या. दोन, टू, त्स्वाय. दहा, टेन, त्सेन. दंत, टूथ, त्सान. पद, फुट, फूस. स्वेद, स्वेट, श्वाइस. उदक, वॉटर, वासर. त ची साखळीही अशीच सरळ आहे: तीन, थ्री, ड्राय, तनु, थिन, ड्युन, तृषा, थर्स्ट, डुर्स्ट. ‘तू’ला जर्मनमध्ये ‘डू’ म्हणतात, आणि तो आपल्या ‘तू’सारखाच जपून वापरायचा असतो.

इथं एक इशारा द्यायला हवा, कारण आपल्याकडे या विषयावर उत्साहाला लगेच भरती येते. जर्मन संस्कृतपासून निघालेली नाही. दोघी एका फार जुन्या, कुठंही लिहून न ठेवलेल्या भाषेच्या वंशातल्या आहेत. नातं चुलत बहिणींचं आहे, आई-मुलीचं नाही. त्यामुळे दिसेल त्या शब्दाला ओढूनताणून संस्कृत मूळ लावणं हा या पुस्तकाचा उद्योग नाही. ‘माखन’वरून ते वर सुचवलंच आहे.

उच्चारातही मराठी माणसाला एक आयती सवलत आहे. शब्दाच्या आरंभीचा त्स इंग्रजाला जड जातो. तो ‘झेन’ किंवा ‘सेन’ म्हणून बसतो. आपण चाक, चूल, चांगला म्हणताना जो च उच्चारतो तो जवळजवळ हाच ध्वनी आहे. ‘चहा’तला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी चुकत नाही. जर्मन शब्दांच्या शेवटी येणारा अर्धवट स्वर दाखवायला या पुस्तकात ‘केलं’, ‘गेलं’मधला अनुस्वार वापरला आहे. काटेकोर ध्वनिलिपी याहून अचूक असती, पण ती शिकायला आणखी एक पुस्तक लागलं असतं.

रूप ओळखता आलं तरी अर्थ जागेवर असेलच असं नाही, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत वाचनीय वाटतो. जर्मन ‘टीर’ म्हणजे कोणताही प्राणी. त्याचा इंग्रजी भाऊ ‘डिअर’ म्हणजे फक्त हरीण. जुन्या इंग्रजीत डिअरचा अर्थ प्राणी असाच होता, तो आक्रसला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. संस्कृतात मृग म्हणजे आधी कोणतंही रानातलं जनावर होतं. म्हणून तर सिंह मृगराज आणि शिकार ही मृगया. नंतर मृगाचंही हरीण झालं. दोन टोकांच्या दोन भाषांनी त्याच प्राण्याकडे अर्थ वळवावा, याचं कारण शिकारीतच शोधावं लागेल. ‘श्टेर्बन’ म्हणजे मरणे. इंग्रजीत ‘स्टार्व्ह’ म्हणजे उपाशी मरणे, उपाशी राहणे. ‘त्साउन’ म्हणजे कुंपण. इंग्रजीत कुंपणाच्या आत वसलेलं ‘टाउन’ झालं. ‘क्नेश्ट’ म्हणजे शेतावरचा गडी. तोच इंग्लंडात गेला आणि घोड्यावर बसून ‘नाइट’ झाला. ‘हेर्प्स्ट’ म्हणजे शरद ऋतू, आणि ‘हार्व्हेस्ट’ म्हणजे त्या ऋतूतली सुगी. असे शब्द एकदा कळले की पाठ करावे लागत नाहीत.

फसव्या शब्दांच्या याद्या मात्र मला गरजेपेक्षा जास्त लोकप्रिय वाटतात. ‘गिफ्ट’ म्हणजे विष, हे जर्मनचा एकही तास न केलेल्या माणसालाही माहीत असतं. त्यातही फसवणूक फारशी नाही. ‘देणे’ या धातूपासून ‘दिलेली मात्रा’, आणि त्या मात्रेचं विष. खरोखर अडचणीत आणणारे शब्द किरकोळ दिसतात. ‘बेकॉमन’ म्हणजे मिळणे. ते ‘बिकम’ नव्हे. ‘नोट’ म्हणजे निकड, संकट. दारावर ‘नोटआउसगांग’ लिहिलं असेल तर तिथून आणीबाणीत बाहेर पडायचं असतं. ‘शेफ’ स्वयंपाकघरातला असेलच असं नाही, तो तुमचा साहेब. आणि हिशेबाच्या कामात असलेल्यांनी ध्यानात ठेवावं, की जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे एकावर बारा शून्यं. आपल्या अब्जाला तिथं ‘मिलिआर्डं’ म्हणतात.

युनिफर्सिटेट, मुझीक, टेलेफोन असे ग्रीक-लॅटिन वळणाचे शब्द सोपे आहेत. त्यांची सोय एका परिशिष्टात केली आहे, इथं त्यांवर वेळ घालवत नाही.

ही पद्धत कुठं थांबते तेही सांगायला हवं. स्वयंपाकघर, शरीर, हवामान, नातीगोती, गोठा इथं इंग्रजी भरपूर साथ देतं; कचेरीत पाऊल टाकलं की साथ सोडतं. कारण १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा, पक्वान्नं यांची भाषा फ्रेंच झाली. गोठ्यातलं वासरू ‘काफ’ राहिलं, ताटात आलं की ‘व्हील’ झालं. जर्मनमध्ये गोठ्यात ‘काल्प’ आणि ताटात ‘काल्पफ्लाइश’, म्हणजे वासराचं मांस, सरळ मामला. त्यामुळे डेव्हलपमेंट, एक्स्पीरियन्स, रिस्पॉन्सिबिलिटी या शब्दांवरून एंटविक्लुंग, एरफारुंग, फेरआंटवोर्टुंग कधीही सुचणार नाहीत. बी१ पातळीवर अनेकांचा धीर सुटतो तो याच वळणावर. पण हे लांबलचक शब्द उघडून पाहिले तर आत तेच छोटे घरगुती शब्द निघतात. एरफारुंग, म्हणजे अनुभव, याच्या पोटात ‘फारन’, प्रवास करणे आहे. ‘फेअरवेल’मधला ‘फेअर’ त्याचाच भाऊ. फेरआंटवोर्टुंगमध्ये ‘आंटवोर्ट’, उत्तर आहे, आणि त्याच्याही आत ‘वोर्ट’, म्हणजे वर्ड.

आणि इथं इंग्रजीनं हात सोडला तरी मराठी सोडत नाही. उपसर्ग लावून धातूचा अर्थ फिरवायची युक्ती आपल्या अंगवळणी आहे. आहार, विहार, प्रहार, संहार हे शाळेत कुणी केलं नाही? जर्मन ‘श्टांट’ घ्या. इंग्रजी ‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ हे त्याचे सख्खे नातलग. ‘त्सू’ लावून त्सूश्टांट: अवस्था. ‘वीडर’, म्हणजे विरुद्ध, लावून वीडरश्टांट: प्रतिकार. ‘आप’, म्हणजे दूर, लावून आपश्टांट: अंतर. ‘उम’ म्हणजे भोवती. उमश्टांट म्हणजे परिस्थिती. ‘परि’ म्हणजेही भोवतीच. सुटे भाग जसेच्या तसे जुळतात. ‘विसनशाफ्ट’ला इंग्रजीत ‘सायन्स’ म्हणतात आणि त्या दोघांचं काही जमत नाही. पण ‘विसन’ म्हणजे जाणणे, तो ‘विद्’चा भाऊबंद, आणि मग विद्या शेजारीच उभी असते. पुस्तकाचा दुसरा भाग या उपसर्गांना दिला आहे, आणि तो पहिल्या भागापेक्षा मोठा झाला आहे. ते बेतून केलेलं नाही. लिहिता लिहिता तसं झालं.

क्रियापदांबद्दल थोडक्यात. शाळेत ‘सिंग-सँग-संग’ अशी तीन-तीन रूपं सुरात म्हणून घेतली जायची. तो सूर फुकट गेलेला नाही. झिंगन-झांग-गेझुंगन, ट्रिंकन-ट्रांक-गेट्रुंकन, श्विमन-श्वाम-गेश्वोमन: स्वर त्याच वाटेनं बदलतात. आधी इंग्रजी तक्ता म्हणावा आणि लगेच जर्मन.

लिंगाच्या बाबतीत इंग्रजीचा उपयोग शून्य. मार्क ट्वेननं १८८० मध्ये जर्मनची जी यथेच्छ टर उडवली, तिच्यात एक तक्रार अशी होती की या भाषेत तरुण मुलीला लिंग नाही आणि सलगमाला आहे. हे इंग्रजीभाषक म्हणू शकतो. आपण लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू यांना बिनदिक्कत ‘ते’ म्हणतो. ‘मेटशन’, मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे तो त्याच्या शेवटच्या ‘शन’मुळे, तो प्रत्यय लहानपण दाखवतो आणि ज्याला लागतो त्याला नपुंसकलिंगी करतो. तीन लिंगांची सवय हिंदीभाषकालाही नसते, ती आपल्याला आहे. मात्र कोणता शब्द कोणत्या लिंगाचा, हे मराठीवरून ताडायला जाऊ नये. म्हणून प्रत्येक नामाआधी डेर, डी, डास छापलेलं आहे आणि ते शब्दाचाच भाग समजून म्हणायचं आहे.

वापरण्याची रीत एवढीच: पानावर जर्मन शब्द डावीकडे आहे, मधला रकाना रिकामा आहे, इंग्रजी भाऊ आणि मराठी अर्थ उजवीकडे आहेत. उजवी बाजू पोस्टकार्डानं झाकावी, मधल्या रकान्यात पेन्सिलीनं अंदाज लिहावा आणि मगच कार्ड सरकवावं. शेवटच्या प्रकरणातल्या यादीला अर्थ दिलेले नाहीत. तिथले बरेच शब्द नियमांनी उलगडतील. काहींना इंग्रजीत भाऊ नाहीच, आणि ते शब्द यादीत मुद्दाम मिसळले आहेत.